सायंकाळचा दीड तास

वैनगंगेच्या दोन्ही तीरांवर पसरलेल्या बालाघाट जिल्ह्यात दिवेलागणीची वेळ ही पूर्वापार घरातील सर्वांना एकत्र आणणारी वेळ होती. धानाच्या बांध्यांतून परतलेली माणसे ओसरीवर टेकत, चुलीजवळ स्वयंपाक चाले, मुले दिव्याच्या उजेडात पाटी-पुस्तक घेऊन बसत आणि आजीची गोष्ट कोणाच्या घरी मराठीत, कोणाच्या घरी पोवारीत, तर बैहरकडील गोंड कुटुंबांत गोंडीत रंगत असे. आजही दिवे लागतात, माणसेही घरी असतात. परंतु प्रत्येकाच्या मुखावर पडणारा उजेड निराळ्या पडद्याचा असतो. मुलगा कोपऱ्यात मोबाइलवरील खेळात गढलेला असतो, मुलगी चित्रफिती पाहत असते, वडील आलेले संदेश वाचत असतात आणि आई मालिकेसमोर बसलेली असते. घर एकच, पण सायंकाळ मात्र प्रत्येकाची वेगळी, अशी ही स्थिती आहे.

हा प्रश्न एकट्या बालाघाटचा नाही. लगतच्या गोंदिया-भंडाऱ्यापासून दूर सांगली-बेळगावपर्यंत सर्वत्र पालकांची आणि शिक्षकांची तक्रार एकच आहे. मुले रात्री उशिरापर्यंत जागतात, वर्गात पेंगतात, वाचायला कंटाळतात आणि मोबाइल काढून घेतला की चिडतात, प्रसंगी जेवणही नाकारतात. अशा वेळी पालकांचा पहिला विचार मोबाइल हिसकावून घेण्याचा असतो. परंतु तसे करण्यापूर्वी या सवयीचे स्वरूप समजून घेणे आणि ज्या गावांनी या बाबतीत काही करून पाहिले, त्यांचा अनुभव लक्षात घेणे अगत्याचे आहे.

मोबाइल मुलांच्या हाती कसा आला?

खेडोपाडी इंटरनेट पोहोचण्यास दोन घटना विशेष कारणीभूत झाल्या. पहिली घटना सप्टेंबर २०१६ मधील. त्या महिन्यात जिओ कंपनीची सेवा सुरू झाली, पुढे कंपन्यांमध्ये दरांची चढाओढ लागली आणि इंटरनेट सामान्य कुटुंबाच्या आवाक्यात आले. दुसरी घटना मार्च २०२० मधील. करोनाच्या साथीमुळे शाळा बंद झाल्या आणि शिक्षण मोबाइलवरून देण्याचा प्रयत्न सुरू झाला. तोपर्यंत मुलांना मोबाइलपासून दूर राहण्यास सांगणाऱ्या वडीलधाऱ्यांनीच तो त्यांच्या हाती दिला. अनेक कुटुंबांनी पोटाला चिमटा घेऊन तो विकत घेतला. पुढे शाळा उघडल्या, परंतु मुलांच्या हातातील मोबाइल परत वडिलांच्या खिशात गेला नाही. म्हणून या सवयीचा सगळा दोष मुलांच्या माथी मारणे न्यायाचे होणार नाही.

शिवाय मोबाइल आता चैनीची वस्तूही राहिलेला नाही. बालाघाट जिल्ह्यातील कित्येक कुटुंबांचे कर्ते पुरुष मजुरीसाठी नागपूरला, हैदराबादला किंवा आणखी दूर जातात. त्यांचा आवाज घरी ऐकू येतो तो याच यंत्रातून. शिष्यवृत्तीचा अर्ज, परीक्षेचा निकाल, बँकेचा व्यवहार या साऱ्यांसाठी तो लागतो. त्यामुळे मोबाइल घराबाहेर घालविणे शक्य नाही आणि इष्टही नाही. प्रश्न आहे तो त्याला घरात कोठे आणि किती वेळ जागा द्यावयाची, एवढाच.

‘प्रथम’ या संस्थेच्या पुढाकाराने देशाच्या ग्रामीण भागात होणाऱ्या ‘असर’ या शैक्षणिक पाहणीचा २०२४ चा अहवाल जानेवारी २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार १४ ते १६ वर्षे वयाच्या सुमारे ९० टक्के मुलामुलींच्या घरी स्मार्टफोन आहे आणि ८२ टक्के मुलांना तो वापरता येतो. पाहणीपूर्वीच्या आठवड्यात त्याचा उपयोग अभ्यासाशी संबंधित कामासाठी केल्याचे ५७ टक्के मुलांनी सांगितले, तर समाजमाध्यमांसाठी केल्याचे ७६ टक्के मुलांनी सांगितले. हे दोन्ही आकडे शेजारी ठेवून वाचावयास हवेत. अभ्यास आणि करमणूक या दोन्हींचे दार एकच झाले आहे. अभ्यासासाठी ते उघडणारा मुलगा पलीकडच्या खोलीत केव्हा शिरतो, हे त्याचे त्यालाही कळत नाही.

सवय कोणती आणि व्याधी कोणती?

मोबाइल अधिक वापरणारे प्रत्येक मूल व्यसनाधीन झाले, असे समजणे चुकीचे आहे. जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या रोगांच्या वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत इलेक्ट्रॉनिक खेळांच्या अनिवार नादाची एक विकार म्हणून नोंद केली असून ही आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून अमलात आली. या विकाराची तीन लक्षणे सांगितली आहेत. खेळण्यावर स्वतःचा ताबा न राहणे, हे पहिले. जेवण, अभ्यास, मित्र, घर या सर्वांपेक्षा खेळाला अधिकाधिक महत्त्व येत जाणे, हे दुसरे. नुकसान होत असल्याचे दिसत असूनही खेळणे चालूच ठेवणे किंवा वाढविणे, हे तिसरे. ही लक्षणे सामान्यतः किमान १२ महिने टिकली आणि त्यामुळे जीवनक्रम गंभीरपणे बिघडला, तरच तो विकार मानला जातो. सुटीत दोन दिवस खेळात रमलेला मुलगा या व्याख्येत बसत नाही.

ही व्याख्या खेळांपुरती असली, तरी चित्रफिती आणि समाजमाध्यमे यांच्या बाबतीतही पालकांनी हेच तीन प्रश्न स्वतःला विचारण्यास हरकत नाही. मुलाला ठरविल्या वेळी थांबता येते काय? पूर्वी आवडणाऱ्या गोष्टी त्याने सोडल्या आहेत काय? झोप, अभ्यास किंवा प्रकृती बिघडूनही तो थांबत नाही काय? किती तास वापरला, यापेक्षा या प्रश्नांची उत्तरे अधिक महत्त्वाची आहेत.

याखेरीज एक चौथा प्रश्नही विचारला पाहिजे. मूल मोबाइलकडे कशासाठी जाते? वर्गात मागे पडलेला, मित्रांनी टाकलेला, घरातील भांडणांना कंटाळलेला किंवा वडिलांच्या गैरहजेरीत एकटा पडलेला मुलगा मोबाइलमध्ये आसरा शोधत असू शकतो. तेथे मोबाइल हे दुखण्याचे मूळ नसून त्याची खूण असते. मूळ तसेच ठेवून केवळ खूण पुसली, तर मुलाचे दुखणे थांबत नाही.

पडदा मन का धरून ठेवतो?

पूर्वीच्या करमणुकीला शेवट असे. वर्तमानपत्राचे शेवटचे पान येई, नाटकाचा पडदा पडे, मैदानात अंधार झाला की खेळ आपोआप थांबे. मोबाइलवरील चित्रफितींना असा शेवट ठेवलेला नाही. एक संपताच दुसरी आपोआप सुरू होते आणि बोट वर सरकविले की नवे काही पुढे येते. थांबण्याची जागाच नसल्यामुळे थांबण्याचा निर्णय दर वेळी मनालाच घ्यावा लागतो.

दुसरी गोष्ट अनिश्चिततेची. जत्रेतील सोरटापुढे माणूस का खिळून राहतो? पुढच्या खेपेस काय लागेल, हे ठाऊक नसते म्हणून. बक्षीस दर वेळी न देता अधूनमधून अनपेक्षितपणे दिले, तर प्राणी तीच क्रिया अधिक चिकाटीने करीत राहतात, असे स्किनर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने गेल्या शतकात प्रयोगांनी दाखविले होते. समाजमाध्यमांवरही पुढची चित्रफीत कंटाळवाणी निघेल की मजेची, टाकलेले छायाचित्र कोणाला आवडेल की नाही, हे कळत नाही आणि या न कळण्यातच ओढ असते. या सेवा बहुधा फुकट मिळतात. त्यांचे उत्पन्न जाहिरातींतून येते. पाहणारा जितका वेळ खिळून राहील, तितके हे उत्पन्न वाढते. म्हणून त्याला खिळवून ठेवण्यासाठी मोठमोठ्या कंपन्यांतील तज्ज्ञ आपली बुद्धी खर्च करीत असतात.

याउलट किशोरवयीन मुलाची बाजू पाहावी. मनाच्या ऊर्मीला आवर घालणारा मेंदूचा भाग विशीच्या मध्यापर्यंत पक्व होत असतो. मित्रमैत्रिणींच्या मताला या वयात फार किंमत असते. त्यात झोपेची गरज मोठी असते. १३ ते १८ वर्षांच्या मुलांना दररोज ८ ते १० तास झोप हवी, असे तज्ज्ञांचे मत आहे. उशाशी ठेवलेला मोबाइल या झोपेवरच घाला घालतो. पडद्याचा उजेड आणि मनाला आलेली उत्तेजना यांमुळे झोप लांबते; सकाळी शाळा मात्र ठरल्या वेळी भरते. मुलाची चिडचिड, विसराळूपणा आणि अभ्यासाचा कंटाळा यांपैकी बराचसा भाग या अपुऱ्या झोपेचा असतो.

तेव्हा ‘थोडा संयम ठेव’ असे सांगून मुलाला या सामन्यात एकट्याने उभे करणे म्हणजे त्याला विषम लढाईत ढकलणे होय. त्याच्या पाठीशी घराने, शाळेने आणि शक्य तेथे सबंध गावाने उभे राहिले पाहिजे. सांगली जिल्ह्यातील एका गावाने नेमके हेच केले.

मोहित्यांचे वडगाव येथील प्रयोग

सांगली जिल्ह्याच्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव हे सुमारे तीन हजार वस्तीचे गाव आहे. करोनाच्या काळानंतर शाळा उघडल्या, तरी मुलांचे वाचन-लेखनाकडे लक्ष लागत नाही, शाळेपूर्वी आणि शाळेनंतर ती मोबाइलमध्येच गुंतलेली असतात, असे तेथील शिक्षकांच्या आणि ग्रामस्थांच्या ध्यानात आले. ऑगस्ट २०२२ मध्ये, स्वातंत्र्यदिनाच्या पूर्वसंध्येस गावातील महिलांची सभा झाली. सरपंच विजय मोहिते यांच्या पुढाकाराने त्या सभेत असे ठरले की, दररोज सायंकाळी ७ वाजता गावच्या मंदिरावरील भोंगा वाजावा आणि त्यानंतर दीड तास गावातील प्रत्येक घराने मोबाइल आणि दूरदर्शन संच बंद ठेवावा. साडेआठ वाजता पुन्हा भोंगा वाजला की हे बंधन संपावे.

आरंभी काहींनी हा विचार हसण्यावारी नेला. तेव्हा आशा कार्यकर्त्या, अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायतीचे कर्मचारी आणि निवृत्त शिक्षक यांनी घरोघरी जाऊन लोकांची समजूत घातली. नियम पाळला जातो की नाही, हे पाहण्यासाठी वॉर्डनिहाय लक्ष ठेवण्यात आले. हळूहळू त्या वेळेत मुले पुस्तक घेऊन बसू लागली, मोठी माणसे एकमेकांशी बोलू लागली, असे तेथील पालकांनी पुढे वृत्तपत्रांच्या प्रतिनिधींना सांगितले.

या प्रयोगातील मर्म भोंग्यात नाही. ते नियमाच्या रचनेत आहे. एक तर हा नियम केवळ मुलांसाठी नव्हता. वडिलांचा मोबाइल आणि आईची मालिका यांनाही तो लागू होता. आपल्यावर अन्याय होत आहे, असे मुलांना वाटण्यास त्यामुळे जागा उरली नाही. दुसरे असे की, बंधनाला आरंभ आणि शेवट दोन्ही होते. दीड तासाने मोबाइल परत मिळणार, हे ठाऊक असल्याने मनाची तयारी सोपी झाली. तिसरे, ‘मोबाइल ठेव’ असे सांगण्याचे काम बापाकडून भोंग्याकडे गेले. दररोजच्या कुरबुरीतून बाप आणि मुलगा दोघेही सुटले. चौथे आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, त्या वेळी मित्रही मोबाइलवर नसत. आपण मागे राहू, ही किशोरवयातील सर्वांत मोठी भीती त्यामुळे नाहीशी झाली. हे शेवटचे काम कोणतेही एक कुटुंब एकट्याने करू शकत नाही; ते गावच करू शकते.

महाराष्ट्राच्या सीमेपलीकडे, बेळगावजवळील हलगा या गावानेही डिसेंबर २०२५ मध्ये सायंकाळी ७ ते ९ या वेळेसाठी अशीच भोंग्याची पद्धत सुरू केली. बालाघाटप्रमाणेच तोही मराठी बोलणाऱ्यांचा सीमाभाग आहे.

बंदी पुरेशी आहे काय?

यवतमाळ जिल्ह्याच्या पुसद तालुक्यातील बांशी या गावाने नोव्हेंबर २०२२ मध्ये दुसरा मार्ग निवडला. तेथील ग्रामसभेने १८ वर्षांखालील मुलांना मोबाइल वापरण्यास मनाई करणारा ठराव केला आणि तो मोडल्यास २०० रुपये दंड ठरविला. या ठरावामागील कळकळ समजण्यासारखी आहे. परंतु अशा बंदीचे काही परिणाम विचारात घ्यावे लागतात. अभ्यासासाठी मोबाइल लागला, तर काय करावयाचे, हा प्रश्न उरतो. मोठी माणसे नियमाबाहेर राहतात आणि मूल जे ऐकते त्यापेक्षा जे पाहते तेच शिकते. शिवाय लपून वापरणारे मूल अडचणीत सापडले, तर दंडाच्या भीतीने ते घरी सांगत नाही.

बंदीचा भार मुलींवर अधिक पडण्याचाही संभव असतो. ‘असर’च्या वर उल्लेखिलेल्या पाहणीत, मोबाइल वापरता येणाऱ्या १४ ते १६ वयोगटातील मुलग्यांपैकी सुमारे ३६ टक्क्यांकडे, तर मुलींपैकी सुमारे २७ टक्क्यांकडे स्वतःचा मोबाइल असल्याचे दिसले. मुलींच्या हाती तो आधीच कमी आहे. गावात बंदीची भाषा सुरू झाली की संशयाची नजर प्रथम मुलीकडे वळते. मुलग्याचा मोबाइल ‘कामाचा’ ठरतो आणि मुलीचा काढून घेतला जातो. असे होऊ देता कामा नये.

परदेशांतही या प्रश्नावर कडक उपाय योजले गेले आहेत. चीनने २०२१ मध्ये अल्पवयीन मुलांना ऑनलाइन खेळांसाठी शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सुटीच्या दिवशी रात्री ८ ते ९ एवढाच वेळ ठरवून दिला. ऑस्ट्रेलियात १६ वर्षांखालील मुलांना प्रमुख समाजमाध्यमांवर खाते ठेवू न देण्याचा कायदा १० डिसेंबर २०२५ पासून लागू झाला. हे दोन्ही निर्बंध कंपन्यांवर जबाबदारी टाकतात, हे लक्षात घेण्याजोगे आहे. ग्रामसभेला कंपन्यांवर बंधन घालता येत नाही. परंतु आपल्या गावाची सायंकाळ कशी असावी, हे मात्र तिला ठरविता येते.

बालाघाटमधील गावांना काय करता येईल?

वडगावचा प्रयोग जसाच्या तसा उचलण्याचे कारण नाही. बालाघाट हा धानाचा जिल्हा आहे. रोवणीच्या आणि कापणीच्या दिवसांत माणसे अंधार पडल्यावर घरी येतात. तेव्हा वेळ ७ ची असावी की ८ ची, दीड तास असावा की एक तास, हे ग्रामसभेने हंगाम पाहून ठरवावे. भोंगा नसेल, तर शाळेची घंटा किंवा पंचायतीचा ध्वनिवर्धकही चालू शकेल. सुरुवात आठवड्यातील दोन-तीन दिवसांनी केली, तरी हरकत नाही.

ज्या घरातील माणूस परगावी कामास आहे, त्याच्या दूरध्वनीसाठी या वेळेपूर्वीचा किंवा नंतरचा समय राखावा. आजारपण, बाळंतपण यांसारख्या निकडीसाठी आशा कार्यकर्तीचा आणि सरपंचाचा मोबाइल चालू असावा. दंडाऐवजी समजुतीवर भर द्यावा आणि ठरावाच्या चर्चेत शाळेतील मुलामुलींनाही बोलण्याची संधी द्यावी. स्वतः मान्य केलेला नियम मुले अधिक निष्ठेने पाळतात.

रिकामी वेळ मात्र टिकत नाही. त्या वेळेत वाचनासाठी शाळेच्या ग्रंथालयातील पुस्तके मिळावीत, वरच्या वर्गातील मुलांनी खालच्या वर्गातील मुलांचा अभ्यास घ्यावा, वृद्धांनी गोष्टी सांगाव्यात. दिवसा कबड्डीचे मैदान खुले असावे, म्हणजे मोबाइलवरील खेळाला खरा प्रतिस्पर्धी मिळेल.

शिक्षकांची आणि अधिकाऱ्यांचीही यात जबाबदारी आहे. गृहपाठ व्हॉट्सॲपवर पाठविण्याची पद्धत करोनाकाळात सोयीची होती. आता तो वर्गातच वहीत लिहून देणे शक्य आहे. रात्री ७ नंतर गटावर सूचना आली की मुलाला मोबाइल मागण्यास सबळ कारण मिळते. गावाने ठरविलेल्या वेळेत शाळेने आणि कार्यालयांनी निकडीचा नसलेला संदेश पाठवू नये, एवढे पथ्य पाळले, तरी मोठा हातभार लागेल.

घरापुरते बोलावयाचे, तर काही साध्या गोष्टी सर्वांना करता येतील. जेवताना कोणीही मोबाइल घेऊ नये. रात्री घरातील सर्व मोबाइल ओसरीवर एका ठिकाणी चार्जिंगला लावावेत, उशाशी नेऊ नयेत. आरंभ वडिलांनी करावा. वापर एकदम बंद न करता आठवड्यागणिक कमी करावा. पहिले काही दिवस मूल चिडेल, हे गृहीत धरावे. मारहाण करू नये आणि सर्वांसमक्ष अपमानही करू नये.

मदत कोठे मिळेल?

एवढे करूनही मुलाची झोप, शाळा आणि जेवण सावरत नसेल, ते उदास किंवा एकलकोंडे राहत असेल, तर तज्ज्ञांचा सल्ला घेण्यास संकोच करू नये. केंद्र शासनाने १० ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेलिमानस’ ही मानसिक आरोग्यविषयक दूरध्वनी सेवा सुरू केली आहे. १४४१६ या क्रमांकावर ती विनामूल्य, अहोरात्र आणि अनेक भारतीय भाषांतून उपलब्ध आहे. बंगळूरच्या निम्हान्स या राष्ट्रीय संस्थेत तर २०१४ पासून तंत्रज्ञानाच्या अतिवापराने त्रस्त झालेल्यांसाठी स्वतंत्र उपचार सेवा चालविली जाते. संकटात सापडलेल्या बालकांसाठी १०९८ हा क्रमांक आहे.

पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांविषयी पालकांनी विशेष सावध राहावे. अशा खेळांना मनाई करणाऱ्या केंद्रीय कायद्यास २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली आहे. मोबाइलवरून कोणी फसवून पैसे काढून घेतल्यास १९३० या क्रमांकावर विनाविलंब तक्रार करावी. छायाचित्राची धमकी देऊन कोणी मुलाला किंवा मुलीला छळत असेल, तर प्रथम रागावू नये. आधी धीर द्यावा आणि नंतर पोलिसांकडे जावे. घरी सांगितले तर आपलाच मोबाइल जाईल, या भीतीने मुले गप्प राहतात आणि छळणाऱ्याचे तेवढ्यावरच फावते.

मोबाइल राहणार आहे आणि मुलांना त्याच्यासोबतच मोठे व्हावयाचे आहे. तो केव्हा उचलावा आणि केव्हा खाली ठेवावा, हे त्यांना घरातच शिकावे लागेल. ते शिकविण्यासाठी यंत्रसामग्री लागत नाही, अनुदान लागत नाही. लागतो तो सायंकाळचा दीड तास आणि आपला मोबाइल मुलाच्या आधी खाली ठेवण्याची वडीलधाऱ्यांची तयारी. येत्या ग्रामसभेत या विषयावर अर्धा तास चर्चा ठेवणे, एवढ्यापासून कोणत्याही गावाला सुरुवात करता येईल.